लेकरांची शिदोरी आणि वाटेवरचे पाणी

(१)
१९०१ च्या सुमाराची गोष्ट. सातारा जिल्ह्यातील एका आटलेल्या नदीच्या पात्रात संध्याकाळी तीन मुले डबा उघडून बसली होती. डब्यात मायेने करून दिलेले पदार्थ भरपूर होते आणि मुलांना कडकडून भूक लागली होती. तरीही जेवण अर्धवट टाकून त्यांना डबा बंद करावा लागला. असे का घडले, हे समजण्यासाठी आधी महाराष्ट्रातील ‘शिदोरी’चा इतिहास पाहावा लागतो.

(२)
शिदोरी म्हणजे वाटेत खाण्यासाठी घरून बांधून घेतलेले अन्न. मोठ्या माणसाची शिदोरी सोपी असे: फडक्यात बांधलेल्या भाकरी, चटणी आणि कांदा. अडचण असे ती कडेवरच्या लेकराची. घरी त्याला गुरगुट्या भात आणि दूध मिळे. पण उन्हात भात आंबतो, दूध नासते आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला कालची वाळलेली भाकरी चावत नाही.

(३)
यावर घरच्या बायकांनी शोधलेली उत्तरे अजून स्वयंपाकघरांत टिकून आहेत. लाह्या, गूळ, राजगिऱ्याचा लाडू, खारीक हे न नासणारे जिन्नस. आणि त्यांच्या जोडीला दशमी. दशमीचे पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात. त्यामुळे ती मऊ राहते आणि लहान मुलालाही सहज खाता येते.

(४)
परंतु दशमीला प्रवासात मान मिळाला, तो केवळ मऊपणामुळे नव्हे. सोवळे पाळणाऱ्या घरांत पाण्यात शिजवलेले किंवा भिजवलेले अन्न लवकर ‘विटाळते’ अशी समजूत होती. दुधात भिजवलेल्या किंवा तुपात तळलेल्या पदार्थांना हे नियम सैल होते. म्हणजे शिदोरीत काय असावे हे ठरवताना दोन प्रश्न विचारले जात: हे किती वेळ टिकेल, आणि वाटेत कोणाचा स्पर्श झाला तर काय?

(५)
गंमत अशी की, धर्मशास्त्राने लहान मुलाला या बंधनातून बरेच मोकळे ठेवले होते. गौतम धर्मसूत्रानुसार उपनयनापूर्वी मुलाच्या वागण्या-बोलण्यावर आणि खाण्यावर निर्बंध नाहीत. व्यवहारात मात्र ही सूट फारशी उपयोगी पडत नसे. मूल भरवणारी आई सोवळ्याने बांधलेली होती आणि मुलाला दारात पाणी द्यायचे की नाही हे ठरवणारी माणसे जातीने बांधलेली होती.

(६)
अन्न बांधून नेता येते, पाणी मात्र फार नेता येत नाही. ज्यांना जमे ते पितळेचा फिरकीचा तांब्या सोबत घेत. त्याचे झाकण मळसूत्रासारखे फिरवून घट्ट बसते, त्यामुळे पाणी सांडत नाही. पण एक तांब्या किती तास पुरणार? पुढे वाटेवरची विहीर, नदी, नाहीतर एखादे घर. ते पाणी आपल्याला मिळेल की नाही, हे प्रवाशाच्या जातीवर अवलंबून असे.

(७)
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी सुटली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. आगगाडीच्या डब्यात शेजारी कोण बसेल हे ठरवणे आता प्रवाशाच्या हाती राहिले नाही. स्पर्शाचे नियम मोडतील असे अनेकांना वाटले. ते सैल झाले, पण नाहीसे झाले नाहीत. पुढे अनेक स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळू लागले.

(८)
अनोळखी हातचे खाणे केवढे प्रकरण होऊ शकते, हे पुण्याने १८९० मध्ये पाहिले. १४ ऑक्टोबर रोजी पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले यांच्यासह शहरातील अनेक नामवंत जमले होते. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून येताच गदारोळ उडाला आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. शेवटी न्यायमूर्ती रानडे यांनीही प्रायश्चित्त घेतले.

(९)
प्रतिष्ठितांना प्रायश्चित्ताची वाट तरी होती. जन्मानेच ‘अस्पृश्य’ ठरवलेल्या मुलांना तीही नव्हती. आता पुन्हा त्या नदीच्या पात्राकडे येऊ. त्या तीन मुलांपैकी एक होता दहा वर्षांचा भीमराव, पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सोबत थोरला भाऊ आणि दिवंगत बहिणीचा मुलगा. आई वारली होती. सुभेदार वडील, रामजी, खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे रोखपाल होते. तेथे दुष्काळग्रस्तांना रोजगार मिळावा म्हणून सरकारने तलावाचे खोदकाम काढले होते.

(१०)
वडिलांनी पत्राने मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावून घेतले. मुलांनी तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. नवे सदरे, नव्या टोप्या, नवे जोडे आले. सांभाळ करणारी आत्या पायाने अधू होती; तिने शेजारच्या बायांना हाताशी धरून वाटेसाठी चांगले पदार्थ करवून घेतले. स्थानकावर दोघा धाकट्यांना प्रत्येकी दोन आणे खाऊला मिळाले. त्यांनी लगेच लेमोनेडची एकेक बाटली घेतली.

(११)
संध्याकाळी पाचच्या सुमारास गाडी मसूरला पोहोचली. घ्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे पत्र नोकराने वडिलांना दिलेच नव्हते, हे नंतर कळले. स्टेशनमास्तरने विचारपूस केली. ही मुले महारांची आहेत असे कळताच त्याचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे द्यायला तयार असूनही मुलांना न्यायला राजी होईनात. अखेर एक जण तयार झाला, पण अट घालून: गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने पायी चालणार.

(१२)
थोड्या अंतरावर नदी लागली. पुढे पाणी मिळेलच असे नाही, येथेच जेवून घ्या, असे गाडीवान म्हणाला आणि स्वतः जेवायला गावात निघून गेला. मुलांनी डबा उघडला. घास उतरायला पाणी हवे म्हणून एक जण डबक्याकडे गेला. त्या पाण्यात चिखल होता, गुरांचे शेण-मूत होते. दुर्गंधीने ते तोंडाजवळही नेता येईना. पोट भरण्याआधीच मुलांनी डबा बंद केला.

(१३)
मध्यरात्रीच्या सुमारास पथकराच्या नाक्यावर गाडी थांबली. गाडीवानाने सुचवले, मुसलमान आहोत असे सांगून पाणी मागा. छोट्या भीमरावाने उर्दूत विनवणी केली. पाणी डोंगरावर आहे, हवे तर जाऊन आणा, एवढेच उत्तर मिळाले. त्या रात्री तिन्ही मुले भरलेल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली.

(१४)
हा प्रसंग डॉ. आंबेडकरांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवला आहे. घरी शाळेत वेगळे बसणे, शाळेत हाताने पाणी न घेता येणे हे त्यांना ठाऊक होते. पण या प्रवासाने बसलेला धक्का पूर्वी कधी बसला नव्हता, असे ते सांगतात. आत्याने शिदोरीत काहीही कमी ठेवले नव्हते. जे कमी होते, ते कोणत्याही आत्याला डब्यात भरता येण्यासारखे नव्हते.

(१५)
४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असे म्हटले. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेणाऱ्या बाबासाहेबांचे वय ३५ होते. तळ्यावरील हक्काचा दावा चालला आणि मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

(१६)
दरम्यान शिदोरीही बदलत होती. १९२९ मध्ये विलेपार्ले येथे गोळ्या-मिठाईचा एक कारखाना निघाला आणि १९३९ पासून तेथे बिस्किटे बनू लागली. कोणी मळले, कोणी भाजले, हे पुडा सांगत नव्हता आणि हळूहळू ते विचारणेही थांबले. ज्या पदार्थावरून पुण्यात वादळ उठले, तोच पन्नास वर्षांनी दुधात बुडवून लेकराला भरवण्याच्या वाटेवर होता.

(१७)
लहान मुलांनी घराबाहेर एकत्र बसावे, यासाठी दुसरीकडेही काम सुरू झाले. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यावी, हा त्यांचा मार्ग. पुढे कोसबाडला वारली मुले गुरांमागे रानात जातात म्हणून शाळाच कुरणात गेली. तिला नावही पडले कुरणशाळा.

(१८)
२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ म्हणतात. सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार देणे हा तिचा एक मुख्य भाग. एका रांगेत बसलेल्या मुलांना एकाच पातेल्यातून खिचडी वाढली जाते, तेव्हा शिदोरीच्या इतिहासातील एक जुना नियम मोडत असतो. तो सगळीकडे मोडलेला नाही. स्वयंपाक कोणत्या जातीच्या बाईने केला यावरून होणारे वाद आजही अधूनमधून बातम्यांत येतात.

(१९)
महाराष्ट्राला ही कल्पना परकी नव्हती. गोपाळकाल्याच्या कथेत सवंगडी आपापल्या शिदोऱ्या सोडतात, एकत्र कालवतात आणि मग वाटून खातात. कोणाची भाकरी कोणत्या घरची, हे काल्यात ओळखू येत नाही. शतकानुशतके हा काला उत्सवात खाल्ला गेला. पण उत्सवाबाहेर, मसूरच्या वाटेवर, तीन मुलांना ओंजळभर पाणी मिळाले नाही.

(२०)
घरातील वडीलधाऱ्यांना एकदा जरूर विचारा: लहानपणी प्रवासाला निघताना तुमच्या शिदोरीत काय असे? उत्तरात दशमी येईल, लाडू येतील, फिरकीचा तांब्या येईल. मग आणखी एक प्रश्न विचारा: तांब्यातले पाणी संपल्यावर तुम्ही कोणाच्या दारी जात होता, आणि तुमच्या दारी आलेल्या कोणाला परत पाठवले जात होते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला कदाचित थोडा वेळ लागेल. तेही लिहून ठेवा.