मनातल्या पहारेकऱ्याची कुळकथा

२२ डिसेंबर १८९७ रोजी सिग्मंड फ्रॉइडने व्हिएन्नाहून आपला मित्र विल्हेल्म फ्लिस याला पत्र लिहिलं. रशियाच्या सरहद्दीवरून आत गेलेलं परदेशी वर्तमानपत्र कधी पाहिलंयस का, असं त्यात विचारलं होतं. तिथले अधिकारी शब्द, वाक्यं काळी करायचे आणि उरलेल्या मजकुराचा अर्थच लागायचा नाही. भ्रमात बरळणाऱ्या माणसाचं बोलणंही असंच कुणीतरी खोडलेलं असतं, असं फ्रॉइडला वाटू लागलं होतं. मनाच्या रचनेबद्दलच्या त्याच्या सगळ्या मांडणीत पुढे जो पहारेकरी दिसतो, तो असा सरकारी कचेरीतून आला.

१९०० सालच्या स्वप्नांवरच्या ग्रंथात तो पक्का झाला. नेणिवेतल्या इच्छा वर यायला धडपडतात, पहारेकरी त्यांना अडवतो आणि मग त्या वेषांतर करून स्वप्नात शिरतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात व्हिएन्ना विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानांत फ्रॉइडने चक्क घराचा नकाशाच सांगितला. नेणीव म्हणजे गर्दीने भरलेलं मोठं दालन, त्याला लागून छोटी बैठकीची खोली आणि मधल्या उंबऱ्यावर पहारेकरी. बैठकीत शिरलेला प्रत्येक विचार जाणिवेच्या नजरेस पडतोच असंही नाही. तो तिथेच बाजूला थांबून राहू शकतो. ज्यांना उंबऱ्यावरूनच परत लोटलं, ते दडपलेले.

याच व्याख्यानांत पन्नाशीच्या एका सुसंस्कृत बाईचं स्वप्न आहे. ती लष्करी इस्पितळात सेवा द्यायला जाते. कसली सेवा हे सांगायची वेळ आली की स्वप्नात नुसती पुटपुट ऐकू येते. आजूबाजूचं सगळं बोलणं स्पष्ट. ऐन जागीच शब्द पुसलेले. पण ‘सेवा’ या शब्दावर तिने दिलेला जोर पहाऱ्यावरच्या शिपायाला बरोबर कळतो.

मराठी माणसाला हे तमाशामुळे ओळखीचं वाटावं. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे तमाशाचं गाव. तमासगीर गंगारामबुवा कवठेकर इथलेच आणि अनेक फडांना गण, गवळणी, लावण्या, वग लिहून देणारे बशीर मोमीन कवठेकरही इथलेच. तमाशात गण झाला की गवळण येते. गवळणी दूध-लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघतात, कृष्ण आणि त्याचा सवंगडी पेंद्या वाट अडवून दाण मागतात, पुरुषानेच रंगवलेली मावशी मध्ये पडते. तोंडी व्यवहार फक्त दह्यादुधाचा. नेमकं काय मागितलं जातंय हे मागच्या रांगेतल्यालाही कळतं, आणि तरी कुणी काही वावगं बोलल्याचा पुरावा नाही. फ्रॉइडने १९०५ मध्ये विनोदावर वेगळं पुस्तकच लिहिलं. एरवी मनातलं दाबून धरायला जी शक्ती खर्च होते, ती विनोदाने क्षणात मोकळी होते आणि हसू बनून बाहेर पडते, असा त्यातला विचार. गवळणीतल्या हशाचं याहून चांगलं स्पष्टीकरण मला तरी सापडलेलं नाही.

राजकारणातही हेच झालं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं. कथा महाभारताची, पण प्रेक्षकांनी कीचकात माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ओळखला. सरकारलाही तो दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली.

खाडिलकर किंवा तमाशाचे शाहीर हे सगळं समजून उमजून करत होते, हा फरक मात्र विसरता येत नाही. स्वप्न पाहणाऱ्याला आपण काही लपवलंय हे ठाऊकच नसतं. फ्रॉइडचं खरं धाडस इथे आहे, आणि ते त्याने पुढे आणखी ताणलं. १९२३ मध्ये त्याने मनाची नवी विभागणी केली: आंधळ्या ओढींचा ‘इड’, जगाशी जमवून घेणारा ‘इगो’ आणि त्याच्यावर नजर ठेवणारा, त्याला दोषी धरणारा ‘सुपरइगो’. या तिघांत इगो आणि सुपरइगो यांचाही मोठा भाग नेणिवेतच असतो. म्हणजे अडवणाऱ्यालाही आपण काय अडवतोय याचा पत्ता नाही! १९३३ मध्ये त्याने आणखी एक गोष्ट जोडली, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते: मुलाचा सुपरइगो आईबापांकडे पाहून घडत नाही, तो आईबापांच्या सुपरइगोवर बेतलेला असतो. आजोबांनी घातलेली मनाई नातवात उतरते, ती अशी.

स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली. पुढे काही अटींवर ती उठलीही. पण ‘चांगल्या घरच्या’ बायकांनी तमाशाला जायचं नाही, हा नियम कुठल्याही कायद्यात लिहिलेला नव्हता. तो उठवायचा हुकूम कोण काढणार होतं?