तगर, थिना आणि एक प्लेट हक्का नूडल्स

तेरला आम्ही दरवर्षी जातो. मराठीच्या पदव्युत्तर वर्गाची सहल असते. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर, तेरणाकाठची गोरोबाकाकांची समाधी, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय या ठरलेल्या क्रमाने गाव पाहायचे आणि दुपारी सावली शोधून डबे उघडायचे, हा आमचा शिरस्ता. यंदा तो मोडला. गावाच्या तोंडाशी एक नवे चायनीज हॉटेल उघडले होते. तांबडा पत्रा, त्यावर जिभा काढलेला पिवळा ड्रॅगन, आणि दारावरची झेंडूची तोरणे अजून पुरती सुकलेली नव्हती. विद्यार्थ्यांनी आमच्याकडे पाहिले, आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिले, आणि डबे गाडीतच राहिले.

गल्ल्यावर पांढऱ्या टोपीतले वयस्कर गृहस्थ होते. "बसा पाव्हणे, पोरगं आत हाय," असे म्हणून त्यांनी फडक्याने टेबल पुसले. भिंतीवर हाताने रंगवलेला दरफलक होता. मनचुरी, हाक्का, शेजवान, ट्रिपल शेजवान राईस, चायनीज भेळ. मराठीच्या अध्यापकांना अशा फलकापुढे स्वस्थ बसवत नाही. एकाने सवयीने खिशातले पेन चाचपले. सुदैवाने तेवढ्यात पाणी आले.

आता तेरविषयी थोडे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने समुद्रमार्गाची एक वाटपोथी लिहिली. ती 'पेरिप्लस' या नावाने ओळखली जाते. तीत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर असल्याचे सांगितले आहे. तिथले साधे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल आणि इतर माल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या प्रदेशातून भरूचला जात असे. ते तगर म्हणजे आपले तेर, हे फ्लीटने 1901 साली मांडले आणि पुढे ते सर्वमान्य झाले. वर्गात आम्ही हे दरवर्षी सांगतो. त्याला जोडून संग्रहालयातली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा दाखवतो, 1938 साली पाँपेईच्या अवशेषांत सापडलेल्या तशाच भारतीय प्रतिमेचा उल्लेख करतो, आणि रोम हा शब्द उच्चारताना आमचा आवाज किंचित चढतो. आपल्या गावाचे नाव रोमपर्यंत पोचले होते याचा मराठवाड्यातल्या माणसाला वाटणारा अभिमान समजण्यासारखा आहे. आमच्या वाट्याला दुसरे फारसे आलेही नाही.

परंतु याच पोथीच्या शेवटाकडे आणखी एक नाव येते, थिना. उत्तरेकडे, जगाच्या पार टोकाला असलेले मोठे नगर. तिथून कच्चे रेशीम, रेशमी सूत आणि रेशमी कापड बाख्त्रियामार्गे पायवाटेने भरूचला येते, आणि गंगेच्या मार्गाने दक्षिणेतही जाते, असे तो व्यापारी लिहितो. थिना म्हणजे चीन. त्याला तिथे जाता आले नव्हते, तिथे पोचणे कठीण आहे असे तो प्रांजळपणे नोंदवतो. म्हणजे एकाच पुस्तकात, थोड्या पानांच्या अंतराने, तगर आणि थिना ही दोन्ही नावे आहेत आणि दोन्हीकडचा माल भरूचच्या एकाच बंदरात उतरतो आहे. तेरची मलमल आणि चीनचे रेशीम तिथल्या एखाद्या वखारीत शेजारी शेजारी पडले असेल, असे म्हणायला कल्पनाशक्ती फारशी ताणावी लागत नाही. आम्ही मात्र इतकी वर्षे त्या पोथीतले रोमकडे पाहणारे पानच तेवढे शिकवत आलो. दुसरे पान नूडल्सची वाट पाहताना आठवले.

आणखी एक गोष्ट तिथेच सुचली. संग्रहालयात सातवाहनकाळातल्या पांढरट मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या सुबक मूर्ती आहेत. पुरातत्त्वाच्या ग्रंथांत त्यांच्या मातीला केओलिन म्हणतात. हा शब्द चीनमधल्या जिंगदेजन या चिनीमातीच्या भांड्यांसाठी विख्यात असलेल्या गावाजवळच्या गावलिंग नावाच्या जागेवरून आला. आपल्या तेरच्या मातीला विद्वानांनी नाव दिले ते चीनमधल्या टेकडीचे! मीना प्रभूंनी चीनवरच्या प्रवासवर्णनाला 'चिनी माती' हे नाव दिले तेव्हा त्यांच्या मनात तेर असण्याचे कारण नव्हते. पण गोरोबांच्या गावात चिनीमातीच्या बशीतून नूडल्स खाताना हा योगायोग मनातून जाईना.

नूडल्स बऱ्या होत्या. सोया सॉस जरा सढळ, पत्तागोबी कुरकुरीत, तव्याची धग नेमकी लागलेली. मंचुरियन मात्र फार चांगले होते. तळलेले गोळे आतून मऊ, वरचा रस लसूण-आल्याने ठसठशीत. भात सुटा होता. संतांची मडकी थापटून पाहणाऱ्या गोरोबांनी या भाताला कच्चे म्हटले नसते, अशी एका विद्यार्थिनीने दाद दिली. नामदेवांचे मडके कच्चे ठरल्याची कथा याच गावातली, त्यामुळे विनोद जागेवर पडला. मग तिनेच विचारले, "सर, पण तेरला कधी खरा चिनी माणूस आला असेल का हो?"

तेरला कोण आले, याचे उत्तर आमच्यापाशी नाही. पण बशीतले पदार्थ कोणत्या वाटेने आले ते बऱ्याच अंशी सांगता येते, आणि ती वाट माणसांची आहे.

ती कलकत्त्यापासून सुरू होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आछू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने हुगळीकाठी जमीन दिली. तिथे त्याने साखरेचा कारखाना काढला. ती जागा आजही अछीपूर म्हणून ओळखली जाते. त्यामागून सुतार, चांभार, दंतवैद्य, चामडे कमावणारे आले. चामड्याच्या धंद्यात प्रामुख्याने हक्का लोक होते, आणि कलकत्त्याचे टांग्रा हे त्यांचे ठाणे झाले. हक्का या शब्दाचा चिनी भाषेतला अर्थ पाहुण्यांची कुटुंबे असा आहे. चीनमध्येच एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात सरकत गेलेल्या या लोकांना स्थानिकांनी दिलेले हे नाव. मराठवाड्यात आल्यागेल्याला पाव्हणे म्हणतात, तसेच. दरफलकावरच्या 'हाक्का'चा अर्थ आम्ही सांगितला तेव्हा गल्ल्यावरचे गृहस्थ मनापासून हसले.

मुंबईतही चिनी वस्ती होती. माझगावला 1919 साली बांधलेले चिनी देवालय आजही उभे आहे. कुलाब्याचे नानकिंग, चर्चगेटचे कामलिंग ही नावे एका पिढीच्या मुंबईकरांना ठाऊक आहेत. पण ती साहेबी मुंबई. 1973 साली ताजमहाल हॉटेलात गोल्डन ड्रॅगन सुरू झाले आणि सिचुआन प्रांताची तिखट पाकशैली इथल्या धनिकांच्या जिभेवर आली. त्या सिचुआनचे पुढे शेजवान झाले. 1975 साली कलकत्त्यात जन्मलेले, चिनी वंशाचे नेल्सन वाँग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात काम करताना कोंबडीच्या तुकड्यांना आले, लसूण, हिरवी मिरची लावली आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, ही हकीकत त्यांनी अनेकदा सांगितली आहे. नाव पडले मंचुरियन. मांचुरियात हा पदार्थ शोधून सापडायचा नाही. त्याची जन्मभूमी चर्चगेट. तिथून तो रस्त्यावरच्या गाड्यांवर उतरला, शाकाहारी झाला, पत्तागोबीचे गोळे होऊन पुण्या-सोलापुरात आला. आमच्या पिढीने पहिली चायनीज गाडी पाहिली ती नव्वदच्या दशकात, आणि घरी कळू न देता खाल्लेल्या पहिल्या बाहेरच्या पदार्थांत तिचा क्रम वरचा होता.

एक गंमत इथे सांगितली पाहिजे. सिचुआनी स्वयंपाकाचा प्राण असलेले जीभ बधिर करणारे मिरे आणि कोकणातले तिरफळ हे एकाच कुळातले. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ घालणाऱ्या मालवणी गृहिणीला खऱ्या सिचुआनचा स्वाद आपल्या शेजवानवाल्यांपेक्षा जवळचा आहे. शेजवान चटणीत तिरफळही नसते आणि ते मिरेही नसतात. लाल मिरची असते, आणि ती तर पोर्तुगीजांमुळे अमेरिकेतून आपल्याकडे आली, चीनमध्येही अमेरिकेतूनच गेली.

हे सारे सांगून झाल्यावर विद्यार्थिनीचा मूळ प्रश्न उरतोच. पदार्थ आले, माणसे कुठे गेली? 1962च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, बहुतांशी आसाम आणि उत्तर बंगालातून उचलून, रेल्वेने राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेऊन ठेवले गेले. त्यांत म्हातारे होते, अंगावर पिणारी मुले होती, इथेच जन्मलेले आणि इथलीच भाषा बोलणारे पुष्कळ होते. काहींची सुटका व्हायला 1967 उजाडले. परतल्यावर अनेकांना आपली घरे-दुकाने लिलावात गेल्याचे कळले. कित्येक चीनला पाठवले गेले, कित्येक पुढे कॅनडात स्थायिक झाले. छावणीतच जन्मलेल्या जॉय मा आणि मुंबईचे लेखक दिलीप डिसोझा यांनी 2020 साली या लोकांच्या कथनांचे इंग्रजी पुस्तक काढले. त्याआधी दहा वर्षे, 2010 साली, रीता चौधुरी यांची 'माकाम' ही असमिया कादंबरी आली होती. मराठीत या विषयावरची कादंबरी आमच्या वाचनात आलेली नाही. माझगावचे देवालय आपल्याच राजधानीत असताना तिथल्या घरांत एखाद्या मराठी कथेने डोकावून पाहिल्याचेही स्मरत नाही. आपल्या साहित्यात चिनी माणूस येतो तो दंतवैद्याच्या पाटीपुरता.

सनांकडे पुन्हा पाहिले की अस्वस्थ वाटते. लोकांना गाडीत बसवले गेले 1962 साली आणि मंचुरियन जन्मले 1975 साली, म्हणजे मधे अवघी तेरा वर्षे. चायनीज हा शब्द घरोघरी लाडका झाला त्याच काळात, ज्यांच्यावरून तो आला ती वस्ती विरळ होत चालली होती. पेरिप्लसच्या व्यापाऱ्याने तगरचा माल मोजला, तगरच्या कोष्ट्याचे नाव लिहिले नाही. आम्ही त्याबद्दल त्याला वर्गात नावे ठेवत आलो.

उलट दिशेने गेलेला माणूस मात्र आपल्या शेजारचाच आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, म्हणजे इथून दीड-दोन तासांच्या वाटेवरचे. 1938 साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते गेले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परतले नाहीत. युद्धभूमीजवळ शस्त्रक्रिया करीत राहिले, तिथल्याच परिचारिका ग्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला, आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. मुलाचे नाव त्यांनी यिनहुआ ठेवले होते. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. शांतारामबापूंनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला. सोलापूरचे त्यांचे घर स्मारक म्हणून जपले आहे. पुढच्या वर्षी सहल तिथे न्यावी असे आम्ही परतताना ठरवले. तेर मात्र वगळायचे नाही.

2020 साली गलवानच्या चकमकीनंतर रामदास आठवले यांनी चायनीज पदार्थ विकणाऱ्या हॉटेलांवर बंदी घालावी असे म्हटले होते. त्या वेळी आम्हीही हसलो होतो. हा आचारी भेटल्यावर हसू ओसरले. पदर खोचावा तसा टॉवेल कमरेला खोचून तो बाहेर आला. शेजारच्याच गावचा, तिशीचा मुलगा. पुण्यात आठ वर्षे एका नेपाळी आचाऱ्याच्या हाताखाली शिकला, टाळेबंदीत गावी परतला, काही काळ बाजाराच्या दिवशी गाडी लावली, आणि आता बापाच्या गल्ल्यासह हे पत्र्याचे हॉटेल. त्याचा गुरू पूर्वी मुंबईत होता. त्याच्या गुरूचा गुरू कोण, हे त्याला ठाऊक नव्हते. वारकरी परंपरेत एवढ्यावर कुणी थांबत नाही, म्हणून आम्ही आणखी विचारले. "कलकत्त्याचा होता म्हणत्यात," एवढेच तो म्हणाला.

संग्रहालय त्याने शाळेत असताना पाहिले होते. हस्तिदंती बाई त्याला आठवत होती. चीनचे नाव त्या पोथीत तेरच्या बरोबरीने आहे, हे सांगितल्यावर त्याने बापाकडे पाहिले आणि विचारले, "सर, हे बोर्डावर लिवता येईल का?"

मग त्याने खरे काम काढले. बोर्ड रंगवणारा पुन्हा येणार होता आणि शब्द नीट लिहून हवे होते. मनचुरी बरोबर की मंचुरियन? शेजवान की शेझवान? आम्ही तिघे, पदरी प्रत्येकी वीसेक वर्षांचे अध्यापन, चांगली दहा मिनिटे वाद घालत बसलो. एकाचा आग्रह सिचुआनसाठी होता, दुसऱ्याचे म्हणणे असे की तसे लिहिले तर गिऱ्हाईक परत जाईल. विद्यार्थ्यांनी मतदान घेतले. शेवटी मंचुरियन एवढे दुरुस्त करून दिले, शेजवान आहे तसेच राहू दिले, आणि हाक्कातला काना काढायला सांगितले. पेनाची शाई तेलकट कागदावर उमटत नव्हती, म्हणून गल्ल्यावरच्या गृहस्थांनी आपली पेन्सिल दिली.