दुचाकीचा आपत्कालीन ब्रेक : दोन सेकंदांत काय करावे?

गल्लीतून अचानक रिक्षा बाहेर येते, पुढची कार न सांगता वळते, दुभाजकाच्या फटीतून कुणीतरी धावत रस्त्यावर येते. अशा वेळी दुचाकी चालकाच्या हाती फार तर दोन सेकंद असतात. तेवढ्या वेळात विचार करून निर्णय घेता येत नाही. हातापायांना जी सवय असते, तेच घडते.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील सुमारे ४४.५ टक्के मृत्यू दुचाकीवरच्या व्यक्तींचे होते. काही अपघात टाळणे चालकाच्या हातात नसते. मात्र ब्रेक नीट लावता आला तर अनेकदा धडक टळते किंवा तिचा जोर तरी कमी होतो.

चूक नेमकी कुठे होते?

दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० हून अधिक मोटारसायकल अपघातांचा घटनास्थळी जाऊन अभ्यास केला. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालात एक गोष्ट ठळकपणे दिसली. संकटाच्या क्षणी चालक मागचा ब्रेक जोरात दाबून चाक घसरवत होते आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरत नव्हते.

आपल्याकडेही गाडी शिकवताना ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, तोंडावर आपटशील’ असे हमखास सांगितले जाते. या सल्ल्यात अर्धेच सत्य आहे. पुढचा ब्रेक हिसका देऊन दाबला तर चाक लॉक होऊन गाडी पडू शकते. पण तो वापरलाच नाही, तर गाडी वेळेत थांबत नाही.

पुढचा ब्रेक का महत्त्वाचा?

एसटीच्या चालकाने करकचून ब्रेक दाबला की उभे प्रवासी पुढे कलंडतात. दुचाकीचेही तसेच होते. ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो, ते रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि त्याची पकड वाढते. मागचे चाक हलके होते, म्हणून ते सहज घसरते. त्यामुळे कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचे बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. फक्त मागचा ब्रेक लावला तर गाडी थांबायला साधारण दुप्पट अंतर लागू शकते.

मात्र भार पुढे सरकायला क्षणभर वेळ लागतो. म्हणून ब्रेकचा दांडा झटक्यात न ओढता आधी हलका दाबावा आणि लगेच दाब वाढवत न्यावा. लिंबू पिळताना जसा जोर हळूहळू वाढतो, तसा.

गाडी किती अंतरात थांबते?

धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरडा, चांगला रस्ता आणि दोन्ही ब्रेकचा योग्य वापर गृहीत धरला तर अंदाजे हिशेब असा :

- ताशी ४० किमी : प्रतिसादात ११ मीटर + ब्रेकनंतर ९ मीटर = २० मीटर
- ताशी ६० किमी : १७ + २० = ३७ मीटर
- ताशी ८० किमी : २२ + ३५ = ५७ मीटर

वेग दुप्पट झाला की ब्रेकनंतरचे अंतर चौपट होते. ओल्या रस्त्यावर ते आणखी वाढते. गर्दीत दोन बोटे ब्रेकच्या दांड्यावर टेकवून ठेवली तर प्रतिसादाचा वेळ थोडा वाचतो.

आपत्कालीन ब्रेक लावण्याची पद्धत

१. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडावा. गाडी सरळ आणि हँडल सरळ ठेवावे.
२. दोन्ही ब्रेक एकदम लावावेत. पुढच्याचा दाब वाढवत न्यावा, मागचा बेताने दाबावा.
३. गुडघ्यांनी टाकी घट्ट धरावी, म्हणजे शरीराचा भार हातांवर येत नाही.
४. नजर समोर, दूरवर ठेवावी. चाकाकडे पाहू नये.
५. गाडी बंद पडू नये म्हणून थांबण्यापूर्वी क्लच दाबावा.

पुढचे चाक लॉक झाल्याचे जाणवले तर दांडा लगेच सैल करून पुन्हा दाबावा. मागचे चाक घसरून गाडी आडवी होऊ लागली असेल, तर मात्र मागचा ब्रेक एकदम सोडणे धोक्याचे असते. चाकाला अचानक पकड मिळते आणि गाडी चालकाला उलट बाजूला फेकू शकते.

‘धडक टाळण्यासाठी गाडी मुद्दाम आडवी पाडावी’ हाही गैरसमजच आहे. रस्त्यावर घासत जाणाऱ्या धातूपेक्षा रबरी टायर आणि ब्रेक गाडी लवकर थांबवतात.

वळवून वाचता येते का?

बाजूला मोकळी जागा असेल तर येते. चालत्या दुचाकीला झटकन उजवीकडे न्यायचे असेल तर हँडलची उजवी मूठ पुढे ढकलावी लागते, डावीकडे न्यायचे असेल तर डावी. ऐकायला हे उलटे वाटते, पण गाडी त्याच बाजूला झुकते आणि वळते. ब्रेक आणि वळण दोन्ही एकाच वेळी जोरात करू नये. टायरची पकड मर्यादित असते. आधी ब्रेक लावून तो सोडावा आणि मग वळावे, किंवा आधी वळून गाडी सरळ झाल्यावर ब्रेक लावावा. नजर अडथळ्यावर खिळली तर गाडी तिकडेच जाते, म्हणून मोकळ्या जागेकडे पाहावे.

एबीएस आणि सीबीएस

एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस आणि त्याखालील बहुतेक दुचाकींना एबीएस किंवा सीबीएस बंधनकारक झाले. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही. ते काम करताना दांडा किंवा पायाखालचा ब्रेक थरथरतो. त्याला घाबरून दाब कमी करू नये. अनेक गाड्यांत एबीएस फक्त पुढच्या चाकाला असते, त्यामुळे मागचे चाक लॉक होऊ शकते. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. पण पूर्ण जोर हवा असेल तर पुढचा दांडा दाबावाच लागतो आणि सीबीएस चाक लॉक होणे रोखत नाही.

पाऊस, वाळू आणि मागे बसलेली व्यक्ती

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ पाण्यात मिसळून निसरडा थर तयार होतो. पांढरे पट्टे, लोखंडी झाकणे आणि वाळू यांवर पुढचा ब्रेक अगदी हलक्या हाताने लावावा. मागे कुणी बसले असेल तर मागच्या चाकावर भार वाढतो. अशा वेळी मागचा ब्रेक नेहमीपेक्षा जास्त उपयोगी पडतो, पण गाडी थांबायला अधिक अंतर लागू शकते.

सराव कसा करावा?

मोकळ्या, कोरड्या डांबरी किंवा काँक्रीटच्या जागेत, हेल्मेट, बूट आणि हातमोजे घालून सुरुवात करावी. खडूने रेघ आखावी, ताशी २० किमी वेगाने यावे आणि रेघेवर ब्रेक लावून थांबण्याचे अंतर पावलांनी मोजावे. हात बसला की वेग ३०, मग ४० करावा. स्कूटरवर दोन्ही ब्रेक हातात असतात, मोटारसायकलवर मागचा पायात असतो. त्यामुळे गाडी बदलली की सरावही पुन्हा करावा. महिन्यातून दहा-पंधरा मिनिटे दिली तरी हाताला नेमका दाब कळू लागतो आणि संकटाच्या क्षणी तीच सवय कामी येते.