आजोबा कुठले?

विश्वचषकाचे दोन अंतिम सामने दोन वेगळ्या देशांकडून खेळलेला पुरुष फुटबॉलपटू आजवर एकच, लुइस मोंती. १९३० साली मोंतेविदेओत तो अर्जेंटिनाकडून उतरला आणि उरुग्वेकडून ४-२ असा हरला. चार वर्षांनी रोममध्ये अंगावर इटलीची निळी जर्सी होती आणि या खेपेला तो जिंकला. त्या इटालियन संघात तो एकटाच बाहेरचा नव्हता. ओर्सी, ग्वाइता आणि देमारिया अर्जेंटिनात जन्मलेले, ग्वारिसी ब्राझीलमध्ये. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रियाविरुद्धचा एकमेव गोल ग्वाइताने मारला. अंतिम सामन्यात चेकोस्लोव्हाकियाशी बरोबरी साधून देणारा गोल ओर्सीचा. मुसोलिनीने मिरवलेल्या त्या चषकाचा बराचसा हिस्सा खरं तर अर्जेंटिनाच्या नावे जमा करायला हवा.

यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. गरिबीला कंटाळून लाखो इटालियन बोटीत बसून दक्षिण अमेरिकेला गेले होते. इटलीच्या १९१२च्या नागरिकत्व कायद्याने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. बाप इटालियन असला की पोर तिकडे जन्मलं तरी इटालियनच राहू शकत असे. हा कायदा फुटबॉलसाठी झालेला नव्हता. फुटबॉलला तो उपयोगी पडला १९२६ साली, आणि तोही आडवाटेने.

त्या वर्षी फॅसिस्ट राजवटीत इटालियन फुटबॉलची नवी नियमावली आली. समुद्रकाठच्या व्हियारेज्जो गावी ठरली म्हणून ती त्या गावाच्या नावानेच ओळखली जाते. तिने परदेशी खेळाडूंना बंदी केली. तोवर इटालियन क्लबांचा हंगेरियन आणि ऑस्ट्रियन खेळाडूंवर मोठा भार होता. ते गेले. त्यांच्या जागी कोण आणायचे, तर परदेशी नसलेले परदेशी! तोरिनोने रोसारिओचा हुलिओ लिबोनात्ती आदल्या वर्षीच आणला होता. तो १९२६ साली इटलीकडून खेळलाही. मग युव्हेंतुसने गलेलठ्ठ पगार आणि वर फियाट मोटार देऊन ओर्सीला आणलं. पाठोपाठ मोंती आला. या मंडळींना इटलीत ‘ओरियुंदी’ म्हणत, म्हणजे मूळचे इथले, जन्माने तिकडचे. परदेशी नकोत म्हणून केलेल्या नियमाने अशी ही प्रथा जन्माला घातली. बंदी नसती तर पणजोबांच्या गावाची चौकशी करत अटलांटिक ओलांडायची गरज कुणाला पडली असती?

त्यानंतर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांनी वह्या उघडून पिढ्या सांगाव्यात तसं फुटबॉल संघटनांचं काम सुरू झालं, ते अजून थांबलेलं नाही.

टीका तेव्हाही झाली. प्रशिक्षक व्हित्तोरिओ पोझ्झोचं तिला उत्तर असं होतं की, ही पोरं इटलीसाठी मरू शकतात तर इटलीसाठी खेळूही शकतात. हे नुसतं भाषण नव्हतं. नागरिकत्वाबरोबर लष्कराची सक्तीची भरती येत असे. चषक जिंकल्यानंतर लवकरच या वाक्याची परीक्षा झाली. १९३४-३५च्या मोसमात रोमा क्लबसाठी २८ गोल मारून ग्वाइता लीगमध्ये अव्वल ठरला. तेवढ्यात अ‍ॅबिसिनियाच्या, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या, युद्धाची तयारी सुरू झाली आणि भरतीची कुणकुण लागली. ग्वाइता आणि रोमातले त्याचे दोन अर्जेंटिनी सहकारी गुपचूप फ्रान्समध्ये सटकले आणि तिथून मायदेशी परतले. त्यांना भेकड म्हणून झोडपण्यात आलं. मला त्यांचा हिशेब सरळ वाटतो: खेळायला ते आले होते, इथिओपियन माणसं मारायला नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेनने तर वंशावळीचीही अट धरली नाही. कुबाला चेकोस्लोव्हाकिया आणि हंगेरीकडून खेळून झाल्यावर स्पेनकडून खेळला. अर्जेंटिनाचा दि स्तेफानो स्पॅनिश झाला. पुश्काश तर हंगेरीसाठी ८४ गोल मारून १९६२च्या विश्वचषकात स्पेनकडून उतरला. त्याच स्पर्धेत इटलीच्या संघात होता आल्ताफिनी, आधीच्या स्पर्धेत ब्राझीलकडून जगज्जेता ठरलेला. शिवाय सिवोरी आणि मास्किओ. १९५७ साली लिमात अर्जेंटिनाला दक्षिण अमेरिकेचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या त्रिकुटातले हे दोघे. तिसरा अँजेलिलो. तिघेही त्याच वर्षी इटलीला गेले, अर्जेंटिनाने त्यांना पुन्हा बोलावलं नाही आणि १९५८च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाकडून ६-१ असा मार खाल्ला. इतके घरबदल झाल्यावर साठच्या दशकात फिफाने गाठ आवळली: एका देशाच्या मुख्य संघाकडून खेळलात की दुसरा देश नाही.

आता उरले ते अजून कुणाकडूनच न खेळलेले. तिथे पुन्हा आजोबा-आजी कामाला आले. प्रशिक्षक जॅक चार्ल्टनच्या आयर्लंड संघात इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्यांची इतकी भरती होती की त्यावर विनोद होत. त्यातल्या टोनी कॅस्कारिनोची हकिगत मला सर्वांत आवडते. आईच्या वडिलांच्या आयरिशपणावर तो ८८ सामने खेळला आणि २००० साली आत्मचरित्रात त्याने लिहून टाकलं की आई दत्तक होती. रक्ताचं नातं नव्हतं! दत्तक नातं कायद्याने ग्राह्य असल्याने त्याचे सामने वाचले.

आजोबांशिवाय काम भागवायचा उघड प्रयत्न कतारने २००४ साली केला. जर्मनीत गोलांचा पाऊस पाडणाऱ्या ब्राझिलियन आयल्टनला त्यांनी मोठी रक्कम देऊ केली. फिफाने घाईघाईने नियम काढला: आई-वडील किंवा आजी-आजोबा त्या देशात जन्मलेले हवेत, नाहीतर दोन वर्षांचं वास्तव्य. पुढे ते पाच वर्षांचं झालं. पैशापेक्षा पूर्वज बरे, असा हा निवाडा. पण पूर्वजही कागदावरच असतात. सप्टेंबर २०२५मध्ये फिफाने मलेशियाच्या सात खेळाडूंवर वर्षाची बंदी घातली. आजी-आजोबांचा जन्म मलेशियातला दाखवला होता, फिफाने मागवलेल्या मूळ नोंदी निघाल्या अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन आणि नेदरलँड्सच्या. मलेशियन संघटनेने कागदपत्रांतली तांत्रिक चूक म्हणून हात झटकले. चुकून एक आजी हलू शकते. सातांच्या कशा हलतील?

भारतात प्रश्न वेगळाच आहे. इथे फिफाच्या आधी १९५५चा नागरिकत्व कायदा आडवा येतो, तो दुसरा पासपोर्ट ठेवू देत नाही. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर देशाकडून खेळता येत नाही. त्यामुळे आजोबा पंजाबचे असोत की गोव्याचे, ब्रिटिश किंवा पोर्तुगीज पासपोर्ट सोडायची तयारी लागते. पहिल्यांदा ती दाखवली इझुमी अराताने. वडील गुजराती, आई जपानी. मुंबईत महिंद्रा युनायटेडकडून आणि मग पुणे एफसीकडून तो परदेशी खेळाडू म्हणून खेळायचा. जपानचं नागरिकत्व सोडून तो २०१३ साली भारताकडून उतरला. त्यानंतर २०२५मध्ये तीच तयारी दाखवली बेंगळुरू एफसीच्या रायन विल्यम्सने. ऑस्ट्रेलियाकडून तो एकच सामना खेळला होता आणि तो मैत्रीपूर्ण असल्याने फिफाची गाठ आड आली नाही. आई मुंबईत जन्मलेली अँग्लो-इंडियन, म्हणजे फिफाची नात्याची अट तिच्यावरच भागत होती. भारतीय पासपोर्टासाठी मात्र त्याला ऑस्ट्रेलियाचा परत करावा लागला.