पंखा, उष्णता आणि तानपुरा : घरातला संगणक निःशब्द कसा झाला

बंगळूरच्या कोरमंगला भागातून निघून आग्नेयेला सर्जापूर गावाकडे जाणारा सर्जापूर रोड आज भारतीय संगणक-उद्योगाचा एक परिचित पत्ता आहे. या रस्त्यावर दोड्डकन्नेल्ली येथे विप्रोचे मुख्यालय आहे. ही कंपनी जन्मली ती मात्र खानदेशात. 1945 मध्ये अमळनेर येथे वनस्पती तेलाचा कारखाना म्हणून तिची स्थापना झाली आणि 1980 च्या दशकाच्या आरंभी ती संगणक-निर्मितीत उतरली. तेलाच्या घाण्यापासून संगणकापर्यंतच्या या प्रवासाने आणि तशाच इतर अनेक उद्योगांनी असंख्य अभियंत्यांना या रस्त्यालगतच्या गृहसंकुलांत आणून वसवले. त्यांत मराठी कुटुंबांची संख्याही लक्षणीय आहे.

अशा घरांत सध्या एक छोटासा प्रकल्प वारंवार हाती घेतला जातो. आजोबांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेट, वडिलांच्या सीडी आणि स्वतः जमवलेल्या मैफिलींची ध्वनिमुद्रणे एकाच यंत्रात साठवायची आणि ते यंत्र बैठकीच्या खोलीत अहोरात्र चालू ठेवायचे. अट एकच : यंत्राचा आवाज येता कामा नये. मग बंगळूरच्या एस. पी. रोडवर किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुट्या भागांचा शोध सुरू होतो. कोणता प्रोसेसर, कोणते कॅबिनेट, कोणता पंखा? या प्रश्नांचे उत्तर दुकानदाराच्या दरपत्रकापेक्षा संगणकाच्या इतिहासात अधिक स्पष्टपणे सापडते. तो इतिहास सांगतो की संगणकाचा आवाज हा बहुतांशी त्याच्या उष्णतेचा आवाज असतो.

संगणकात शिरणारी जवळजवळ सर्व विद्युतऊर्जा अखेर उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. 1946 मध्ये जगासमोर आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे 18,000 निर्वात नलिका होत्या आणि त्याला सुमारे 150 किलोवॅट वीज लागे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला आणि 1960 मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा पूर्णतः भारतात बांधलेला आरंभीचा इलेक्ट्रॉनिक संगणक. त्यात सुमारे 2,700 निर्वात नलिका होत्या. प्रत्येक नलिकेत तापणारी तार असल्यामुळे गणित चालू असो वा नसो, यंत्र तापतच राही. अशा यंत्रांना स्वतंत्र दालन आणि खेळत्या थंड हवेची व्यवस्था लागे. त्यांच्याजवळ बसून संगीत ऐकण्याची कल्पना कोणाला सुचण्याचे कारणच नव्हते.

घरगुती संगणक मात्र जन्मतः गोंगाट करणारा नव्हता, हे आज अनेकांना आश्चर्याचे वाटेल. 1977 चा ॲपल टू, 1982 चा कमोडोर 64 आणि 1984 चा मॅकिंटॉश या तिन्ही यंत्रांत पंखा नव्हता. 1984 मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या संगणक-साक्षरता योजनेतून भारतातील शाळांत जे बीबीसी मायक्रो संगणक पोहोचले, त्यांतही पंखा नव्हता. त्यांचे प्रोसेसर इतकी कमी ऊर्जा वापरत की आवरणाच्या फटींतून आपोआप वर जाणारी उबदार हवाच त्यांना पुरेशी होई. याउलट 1981 च्या आयबीएम पीसीच्या पॉवर सप्लायमध्ये पंखा होता. पुढील दोन दशके वैयक्तिक संगणक याच दुसऱ्या वाटेने गेला.

या वाटेवर आवाजाचे दोन उगम होते. पहिला हार्ड डिस्कचा. 1956 मध्ये आयबीएमने बाजारात आणलेल्या रॅमॅकच्या डिस्क-यंत्रणेत 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या मिनिटाला 1,200 फेरे घेत आणि त्यांवर सुमारे 50 लाख अक्षरे मावत. पुढे तबकड्या लहान झाल्या, पण वेग वाढला. मिनिटाला 7,200 फेरे म्हणजे सेकंदाला 120. अशी डिस्क कॅबिनेटच्या पत्र्याला घट्ट आवळली की पत्राही 120 हर्ट्झने गुणगुणू लागतो. काळी एकच्या, म्हणजे सुमारे 138.6 हर्ट्झच्या षड्जात गाणाऱ्या गायकाच्या दृष्टीने हा सूर मंद्रातील कोमल निषादाच्या किंचित खाली पडतो. भूप ऐकताना कोणी शेजारी बसून सतत बेसुरा निषाद धरावा, तसा हा प्रकार होय. रबरी बैठकांवर डिस्क टांगली असता कंपने पत्र्यापर्यंत पोहोचत नाहीत आणि गुणगुण ओसरते. 2001 च्या सुमारास सीगेटच्या बॅराकुडा एटीए फोर या डिस्कमध्ये गोळ्यांच्या बेअरिंगऐवजी द्रव-बेअरिंग आले, तेव्हा आवाजात जाणवण्याजोगी घट झाली.

दुसरा उगम प्रोसेसरवरील पंख्याचा. 1974 मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा सिद्धांत मांडला होता. ट्रान्झिस्टरचे आकारमान आणि विद्युतदाब एकाच प्रमाणात कमी करत नेले, तर तेवढ्याच क्षेत्रफळातील उष्णता वाढत नाही. अनेक वर्षे या नियमाने उद्योगाला तारले, तरीही वेगाच्या स्पर्धेत एकूण ऊर्जाखप वाढत गेला. 1993 च्या पहिल्या पेंटियमला सुमारे 15 वॅट लागत. 2004 मध्ये आलेल्या पेंटियम 4 च्या 'प्रेस्कॉट' आवृत्तीची काही प्रतिमाने 100 वॅटच्या वर गेली. ट्रान्झिस्टर इतके सूक्ष्म झाले होते की ते बंद असतानाही त्यांतून विद्युतधारा पाझरू लागली होती. त्यामुळे विद्युतदाब आणखी उतरवणे अशक्य झाले आणि डेनार्डचा नियम निकामी ठरला. त्याच वर्षी इंटेलने पेंटियम 4 चा नियोजित वारस रद्द केला आणि वाढत्या घड्याळ-वेगाचा हट्ट सोडून एकाच चकतीवर अनेक गाभे बसवण्याचा मार्ग धरला. या नव्या मार्गात बंगळूरचाही वाटा आहे. 2008 मध्ये आलेला सहा गाभ्यांचा 'डनिंग्टन' हा झिऑन प्रोसेसर इंटेलच्या बंगळूर केंद्रात अभिकल्पित झाला होता. तो सर्व्हरसाठी होता आणि उष्ण होता. परंतु प्रत्येक वॅटमागे किती काम होते, हा हिशेब आता अभिकल्पाच्या केंद्रस्थानी आला होता.

हा हिशेब कुठवर आला आहे? 2023 च्या आरंभी आलेल्या इंटेल एन100 या प्रोसेसरची नामनिर्दिष्ट उष्णता-मर्यादा 6 वॅट आहे. एवढी उष्णता बोटभर उंचीच्या ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवरून पंख्याविना निघून जाऊ शकते. संगीताची गरज त्याहूनही माफक आहे. सीडीच्या दर्जाचा ध्वनी म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिट आणि दोन वाहिन्या, म्हणजे सेकंदाला सुमारे 14 लाख बिट. हा प्रवाह वाचून पुढे पाठवणे आजच्या कोणत्याही प्रोसेसरला अंग झटकण्याइतके सोपे आहे. म्हणूनच संगीत-सर्व्हरसाठी वेगवान प्रोसेसर घेणे आणि मग त्याला थंड ठेवण्यासाठी महागडे पंखे शोधणे, हा उलटा क्रम ठरतो. वीजबिलही हेच सांगते. सतत 60 वॅट घेणारे यंत्र वर्षाला सुमारे 525 युनिट खाते, तर 8 वॅटचे यंत्र 70.

तरीही काही घरांत एकाच यंत्राकडून इतर जड कामे करून घ्यायची असतात आणि पंखा अटळ ठरतो. तेथे पंख्याचे जुने नियम उपयोगी पडतात. सारख्या घडणीच्या पंख्यांत हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण ध्वनिशक्ती जवळजवळ वेगाच्या पाचव्या घाताने वाढते. वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो आणि आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. व्यासाचा परिणामही असाच लक्षणीय आहे. 80 मिलिमीटरचा पंखा मिनिटाला 2,000 फेऱ्यांत जेवढी हवा ढकलतो, तेवढीच हवा 120 मिलिमीटरचा पंखा सुमारे 600 फेऱ्यांत ढकलतो आणि आदर्श गणितानुसार आवाज सुमारे 14 डेसिबलने कमी होतो. मोठा, संथ पंखा आणि मोकळे कॅबिनेट ही जोडी कोणत्याही ध्वनिशोषक अस्तरापेक्षा अधिक गुणकारी असते. जाळीवर धूळ साचली की हवा अडते, यंत्र तापते आणि पंखा वेग वाढवतो. बांधकामांनी वेढलेल्या सर्जापूर रोडसारख्या भागात जाळी वेळोवेळी झाडणे हेही आवाज-नियंत्रणच होय.

पण दहा-पंधरा डेसिबलसाठी इतका खटाटोप का? याचे उत्तर तानपुऱ्यात आहे. 1921 मध्ये चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवरील शोधनिबंधात एक वैशिष्ट्य नोंदवले. तार जेथे छेडली जाते, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद येतो ते उपस्वर, थॉमस यंग यांच्या नियमानुसार, ऐकू येऊ नयेत. तानपुऱ्यात आणि वीणेत मात्र ते ठसठशीत ऐकू येतात. याचे कारण घोडीच्या रुंद, वक्र पृष्ठभागात आहे. थरथरणारी तार त्या पृष्ठभागाला क्षणोक्षणी स्पर्श करत राहते. गायक ज्याला जवारी म्हणतात, त्याचे हे भौतिकशास्त्र. रामन 1933 मध्ये बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि 1948 मध्ये त्यांनी तेथे स्वतःची संशोधन संस्था उभारली. जवारीतून उमटणारे उपस्वर नाजूक असतात. पंख्याचा विस्तृत पट्ट्याचा घोंघाट नेमका त्यांवरच पसरतो आणि आपला कान जवळच्या कंप्रतांवरील मंद ध्वनी अशा घोंघाटाखाली ओळखू शकत नाही. गाणे ऐकू येते, पण तानपुरा विरत जातानाचा शेवट नाहीसा होतो.

16 बिटच्या ध्वनिमुद्रणात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत मंद ध्वनीत सुमारे 96 डेसिबलचे अंतर सामावू शकते, 24 बिटमध्ये 144 डेसिबलचे. आता घरातील स्थिती पाहावी. संगीताचा उच्चतम आवाज 85 डेसिबल ठेवला आणि यंत्रासह खोलीचा पार्श्वध्वनी 40 डेसिबल असला, तर श्रोत्याच्या हाती साधारण 45 डेसिबल उरतात. भारतात निवासी क्षेत्रासाठी 2000 च्या नियमांनुसार रात्रीची ध्वनिमर्यादा 45 डेसिबल आहे. ती मर्यादा घराबाहेरच्या परिसरासाठी आहे, श्रवणाच्या खोलीसाठी नव्हे. पार्श्वध्वनी 40 वरून 30 वर आला, तर श्रोत्याला 10 डेसिबलचे संगीत परत मिळते. 24 बिटच्या फायली किंवा महागडा डॅक विकत घेऊन हे साधत नाही.

आवाज कमी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय अंतराचा आहे आणि तोही इतिहासाने सिद्ध केलेला आहे. 2001 मध्ये स्लिम डिव्हायसेस या छोट्या कंपनीने स्लिम्प-थ्री नावाचा नेटवर्कवरून संगीत घेणारा वादक आणला. त्यात ना डिस्क होती, ना पंखा. साठा दुसऱ्या खोलीतील संगणकावर असे आणि केबलमधून फक्त संगीत येई. त्याच वर्षी जॉश कोल्सन यांच्या फ्लॅक या मुक्त प्रारूपाची पहिली स्थिर आवृत्ती आली. ते ध्वनीतील एकही बिट न गमावता फायलीचा आकार साधारण निम्म्यावर आणते. डिसेंबर 2024 मध्ये त्याला आरएफसी 9639 या क्रमांकाने इंटरनेट-मानकाचे रूप मिळाले. सीडीच्या दर्जाचा एक तास सुमारे 635 मेगाबाइट होतो. फ्लॅकमध्ये तो त्याच्या निम्म्यात बसतो, म्हणजे 1 टेराबाइटच्या एसएसडीत 3,000 तासांच्या आसपास संगीत राहते. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी 1980 च्या दशकात विकसित केलेल्या फ्लॅश स्मृतीवर ही एसएसडी चालते आणि तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. 1984 च्या शाळेतील संगणकाची शांतता अशी चाळीस वर्षांनी घरी परतली आहे.

परंतु या शांततेची एक किंमत आहे. जुनी हार्ड डिस्क बिघडण्यापूर्वी अनेकदा खडखड करी, पंखा घरघरू लागे. यंत्राच्या आवाजात त्याच्या प्रकृतीचा निरोप असे. एसएसडी बहुधा कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते. दीर्घकाळ वीज न मिळालेल्या फ्लॅश स्मृतीतून विद्युतभारही हळूहळू गळतो. कॅसेटची फीत आता चिकटत असेल आणि तिच्यावरील मैफिलीची एकमेव प्रत त्या निःशब्द डबीत असेल, तर तो बिघाड केवळ यंत्राचा राहत नाही. म्हणून सुट्या भागांच्या यादीत अखेरची ओळ दुसऱ्या प्रतीसाठी असावी. एक साधी, फिरणारी हार्ड डिस्क, दुसऱ्या खोलीत, शक्यतो दुसऱ्या घरात, आणि महिन्यातून एकदा जोडून तपासलेली. तिचा आवाज आला तरी हरकत नाही. त्या वेळी तिच्याजवळ बसून कोणी तानपुरा ऐकत नसते.