छपराचें वय आणि घराचा विमा

घर विकत घेणारा मनुष्य अंगण पाहतो, माजघर पाहतो, पाणी व उजेड यांची चौकशी करतो; छपराकडे मात्र तो पाऊस गळूं लागेपर्यंत सहसा मान वर करून पाहत नाहीं. विमा उतरविणाऱ्या कंपनीचें तसें नसतें. तिची नजर आधीं वर जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं फ्लोरिडा या संस्थानांत अलीकडच्या काळांत हजारों कुटुंबांना हा अनुभव आला. घर धडधाकट, हप्ते वेळेवर भरलेले, आजवर एका पैचीहि भरपाई मागितलेली नाहीं. आणि असें असतां एके दिवशीं कंपनीचें पत्र येतें कीं, छपराला पंधरा वर्षें होऊन गेलीं, नवें छप्पर घातल्याशिवाय विमा पुढें चालणार नाहीं. छप्पर गळतें अशी कोणाचीच तक्रार नसते. त्याचें वय झालें, एवढाच त्याचा अपराध.

नवें छप्पर घालणें म्हणजे कुटुंबाची कित्येक वर्षांची शिल्लक खर्चीं टाकणें. तें न करावें, तर विमा जातो. आणि घर गहाण ठेवून काढलेलें कर्ज अंगावर असेल, तर विम्यावांचून राहण्याची मोकळीक नसते. कर्ज देणारी बँक स्वतःच एक महागडा विमा उतरवून त्याचा खर्च ऋणकोच्या माथीं मारते. छपराच्या वयाला एवढें महत्त्व कसें आलें, हें समजण्यास सुमारें साडेतीनशें वर्षें मागें जावें लागतें.

रविवार, ता. २ सप्टेंबर १६६६ रोजीं पहांटे लंडनच्या पुडिंग लेन नांवाच्या गल्लींतील एका भटारखान्यांत आग लागली, आणि चार दिवसांत सुमारें १३,२०० घरें व ८७ चर्चें भस्मसात् झालीं. गवती छपरांना त्या शहरांत १२१२ च्या आगीनंतरच बंदी झाली होती. परंतु घरांचे सांगाडे लांकडी होते आणि वरचे मजले गल्लीवर इतके झुकलेले कीं ज्वाळेला रस्ता ओलांडण्यास श्रम पडूं नयेत. आगीपेक्षांहि कठीण प्रसंग पुढें आला. त्या वेळच्या भाडेपट्ट्यांत घर दुरुस्त ठेवण्याची, इतकेंच नव्हे तर पडल्यास पुन्हां उभारण्याची जबाबदारी बहुधा भाडेकऱ्यावर असे. घर उरलें नाहीं, भाडें मात्र चालूं राहिलें. हे तंटे तोडण्यासाठीं पार्लमेंटला १६६७ त एक खास न्यायालय स्थापावें लागलें.

या राखेंतून घरविम्याचा धंदा जन्मास आला. निकोलस बार्बन नांवाचा गृहस्थ वैद्यकाची पदवी मिळवून घरें बांधण्याच्या धंद्यांत पडला होता. घरें बांधून विकतां विकतां त्याला सुचलें कीं, घराबरोबर आगीपासूनची निर्धास्तीहि विकतां येईल. १६८० त त्यानें ‘फायर ऑफिस’ उघडलें. दर फार सुटसुटीत होता: विटांच्या घराला वार्षिक भाड्याच्या शेंकडा अडीच, लांकडी घराला शेंकडा पांच. घर कशाचें आहे, एवढा एकच प्रश्न. तें किती जुनें, मालक तें कसें राखतो, या गोष्टींना त्या दरांत स्थान नव्हतें. (दुसऱ्याच्या नुकसानीची हमी घेणाऱ्या या गृहस्थानें १६९८ त मरतांना आपलें कोणतेंहि देणें फेडूं नये असें मृत्युपत्रांत लिहून ठेवलें, असें त्याच्याविषयीं सांगतात. धंद्याच्या जनकाला धंद्याचें तत्त्व लागू पडतेंच असें नाहीं.) पुढें अशा कंपन्या वाढल्या, त्या विमा उतरलेल्या घरावर आपली शिशाची मुद्रा ठोकीत व पदरीं बंबवाले बाळगीत. मुद्रा नसलेलें घर हे बंबवाले खुशाल जळूं देत, ही गोष्ट अजून चवीनें सांगितली जाते. संशोधकांना तिला पुरेसा आधार सांपडत नाहीं.

छपराकडे बारकाईनें पाहण्याची रीत ठळकपणें दिसते ती अटलांटिकपलीकडे, फिलाडेल्फियांत. तेथें १७५२ त बेंजामिन फ्रँकलिन व त्याचे सहकारी यांनीं ‘फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्युशनशिप’ या नांवाचें एक परस्परसाहाय्याचें विमामंडळ काढलें. एकमेकांत गुंफलेले चार हात ही त्याची मुद्रा. सभासदानें सात वर्षांकरितां ठेव ठेवावयाची आणि नुकसानीचा वांटा वजा जातां ती मुदतीअंतीं परत घ्यावयाची, असा व्यवहार होता. सर्वांचा पैसा एका पेटींत असल्यामुळें नव्या सभासदाचें घर कसें आहे हें पाहणें प्रत्येकाच्या हिताचें होतें. म्हणून मंडळांत घेण्यापूर्वीं बांधकामांतला एक जाणता मनुष्य तें घर आंतून-बाहेरून पाहून येई व त्याचें वर्णन लिही. खुद्द फ्रँकलिनच्या घराची अशी पाहणी १७६६ त गनिंग बेडफर्ड यानें केली.

या पाहण्या आज वाचतांना मोठी मौज वाटते. घराची लांबी-रुंदी किती, भिंतींची जाडी किती, जिना कसा, छपरावर निघण्यास वाट आहे कीं नाहीं, हें सर्व त्यांत येतें. छपराला आग लागली असतां वर चढतां यावें हा त्या वाटेचा हेतु. आणि अनेक पाहण्यांत छपराविषयीं एक अपूर्णांक आढळतो: शिंगलें पाव झिजलेलीं, शिंगलें तिसरा हिस्सा झिजलेलीं, कोठें निम्मीं झिजलेलीं. शिंगलें म्हणजे लांकडाच्या चपट्या लहान फळ्या. आपल्याकडील कौलांप्रमाणें त्या एकीवर एक चढवून बसवितात. पाहणीदार छपराचें जन्मवर्ष विचारीत बसला नाहीं. त्यानें वर पाहिलें, अनुभवानें अंदाज बांधला आणि किती भाग खर्ची पडला तें लिहून टाकलें. एकाच वर्षीं घातलेलीं दोन छपरें सारखीं झिजत नाहींत. एकावर दिवसभर ऊन असतें, दुसऱ्यावर शेजारच्या भिंतीची सावली. ही साधी गोष्ट त्या अपूर्णांकांत आपोआप सामावली होती.

नकार देण्याची विद्याहि त्या मंडळाला अवगत होती. घरासमोरच्या झाडांमुळें आग विझविण्यास अडथळा होतो, म्हणून १७८१ त त्यानें झाडें असलेल्या घरांचे विमे घेण्याचें बंद केलें. झाडें तोडण्यास तयार नसलेल्या नागरिकांनीं १७८४ त आपलें वेगळें मंडळ काढलें व हिरवें झाड हीच आपली मुद्रा केली. नाकारलेल्या घरमालकांनीं विमा कंपनीला दिलेलें इतकें सुरेख उत्तर पुढें क्वचितच कोणाला साधलें असेल.

एकोणिसाव्या शतकांत शहरें वाढलीं व आगीहि वाढल्या. ऑक्टोबर १८७१ मध्यें शिकागो जळालें, तेव्हां सतरा हजारांवर इमारती नष्ट झाल्या, सुमारें एक लाख माणसें उघड्यावर आलीं आणि भरपाई देतां देतां अनेक विमा कंपन्या बुडाल्या. ठिणग्या उडून लांकडी व डांबरी छपरांवर पडत आणि आग घरांवरून घरांवर धांवे. पुढें १९१६ त आगीच्या विमाकंपन्यांच्या राष्ट्रीय मंडळानें लांकडी शिंगलांविरुद्ध देशभर मोहीम काढली. त्यांची जागा हळूहळू डांबर पाजलेल्या, वर दगडी कच बसविलेल्या शिंगलांनीं घेतली. तीं स्वस्त, घालण्यास सोपीं व ठिणगीला तितकीशीं न भिणारीं. पण उन्हानें डांबर कडक होतें, कच झडतो, कडा उचलल्या जातात. आणि मग शत्रु आग नसून वारा असतो.

याच सुमारास विम्याचें स्वरूपहि पालटलें. पूर्वीं आगीचा विमा निराळा, वादळाचा निराळा, चोरीचा निराळा असे. १९५० त अमेरिकेंतील एका जुन्या कंपनीनें हे सर्व एका कागदावर आणून ‘घरमालकाचा विमा’ विकावयास काढला आणि तोच प्रघात पडला. नंतर भरपाई नव्याच्या भावानें देण्याची चाल रूढ झाली. विम्याचें मूळ तत्त्व असें कीं, नुकसान झालेल्या मनुष्याला तो होता त्याच स्थितींत आणावें, त्याहून वर चढवूं नये. अठरा वर्षांचें छप्पर वादळानें उडालें व त्या जागीं कंपनीच्या पैशानें कोरें छप्पर आलें, म्हणजे हें तत्त्व वांकलें. ग्राहकाला तें गोड वाटलें यांत नवल नाहीं. आणि स्पर्धेच्या दिवसांत कंपन्यांनींहि तें खुशीनें वांकविलें.

त्याचा हिशेब फ्लोरिडांत द्यावा लागला. ता. २४ ऑगस्ट १९९२ रोजीं ‘अँड्र्यू’ नांवाचें चक्रीवादळ त्या संस्थानाच्या दक्षिण भागावर आदळलें. विमा कंपन्यांना सुमारें दीड हजार कोटी डॉलरांची भरपाई द्यावी लागली व कित्येक लहान कंपन्या मोडल्या. मोडतोड तपासणाऱ्यांना आढळलें कीं, भिंती पुष्कळशा उभ्या आहेत, छपरें गेलीं आहेत. छपराखालच्या फळ्या खिळ्यांऐवजीं तारेच्या आंकड्यांनीं ठोकलेल्या, आणि त्यांतले कित्येक आंकडे खालच्या वाशाला लागलेच नव्हते. एकदां छप्पर उचललें गेलें कीं पाऊस आंत येतो, आणि मग भिंत कितीहि भक्कम असली तरी घर घर राहत नाहीं. यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले. २००२ पासून सर्व संस्थानाला एकच संहिता लागू झाली. त्याच वर्षीं, ज्यांना कोठेंच विमा मिळत नाहीं त्यांच्यासाठीं ‘सिटिझन्स’ ही सरकारनियुक्त विमासंस्था स्थापन झाली.

नियम चांगले, पण त्यांतल्या एकानें भलताच पेंच उत्पन्न केला. बारा महिन्यांत छपराचा पाव हिश्शाहून अधिक भाग दुरुस्त करण्याची वेळ आली, तर सबंध छप्पर नव्या संहितेप्रमाणें करावें, असा तो नियम. कांहीं कंत्राटदार गारा व वादळ यांनंतर दारोदार फिरून मालकांना सांगूं लागले कीं, तुमचें छप्पर फुकट नवें करून देतों, फक्त भरपाईचा हक्क आमच्या नांवें लिहून द्या. कंपनीनें हात आंखडला कीं खटला. सबंध देशांतील घरविम्याच्या मागण्यांपैकीं दहावा हिस्साहि फ्लोरिडांतून येत नव्हता, परंतु त्यासंबंधींच्या खटल्यांपैकीं तीनचतुर्थांश एकट्या फ्लोरिडांत चालत. कंपन्यांनीं यावर सर्वांत सोपा उपाय शोधला, तो म्हणजे छपराचें वय विचारणें. फसवेगिरी कोणाची, जीर्ण छप्पर कोणाचें, हें निवडीत बसण्यापेक्षां पंधरा वर्षांवरचीं छपरें नकोतच म्हटलें कीं काम भागलें. तरुण छपरांचे मालक जेव्हां आपले हप्ते स्थिर राहावे म्हणतात, तेव्हां त्यांच्या बाजूनेंहि कांहीं म्हणणें आहे. तथापि दहाजणांच्या लबाडीचा दंड शंभर सरळ कुटुंबांनीं भरावा, हा न्याय खास नव्हे.

जेथें विमा नाकारला नाहीं तेथें भरपाईची रीत बदलली. नव्याचा भाव गेला व घसारा आला. समजा, नव्या छपरास २०,००० डॉलर पडतात आणि त्याचें आयुष्य २० वर्षें धरलें आहे. पंधराव्या वर्षीं तें वादळानें उडालें, तर घसारा वजा जातां हातीं यावयाचे ५,०००. आतां अशा विम्यांत नुकसानीची पहिली कांहीं रक्कम मालकानेंच सोसावयाची असते. चक्रीवादळासाठीं ती घराच्या विम्याच्या शेंकडा दोन असूं शकते. घराचा विमा ३,००,००० डॉलरांचा असेल, तर ती झाली ६,०००. म्हणजे नुकसान केवळ छपराचें असेल, तर वर्षानुवर्षें हप्ते भरणाऱ्याच्या पदरीं पूज्य. विमापत्र मात्र कपाटांत शाबूत असतें! तें घेतांना भाव नव्याचा कीं घसाऱ्याचा, हें एक वाक्य शोधून वाचलेलें बरें.

लोकांची ओरड वाढल्यावर मे १९२२ नव्हे, अगदीं परवांच्या मे २०२२ मध्यें फ्लोरिडाच्या विधिमंडळानें खास अधिवेशन भरवून कायदा केला. छप्पर पंधरा वर्षांच्या आंतलें असेल, तर केवळ वयाच्या सबबीवर विमा नाकारतां येणार नाहीं. पंधरा किंवा अधिक वर्षें झालीं असतील, तर नवें छप्पर घालण्याची अट घालण्यापूर्वीं मालकाला स्वखर्चानें अधिकृत पाहणीदाराकडून तपासणी करून घेऊं द्यावी. आणि अजून निदान पांच वर्षांचें उपयुक्त आयुष्य शिल्लक आहे असें पाहणीदारानें लिहून दिल्यास, केवळ वयासाठीं नकार देऊं नये. २००७ च्या अगर त्यानंतरच्या संहितेप्रमाणें बांधलेल्या छपरांना पाव हिश्शाच्या नियमांतून सूटहि मिळाली.

वय मोजावें कसें, हेंहि कायद्यानें सांगितलें आहे. छपराचा शंभर टक्के पृष्ठभाग शेवटचा ज्या दिवशीं बदलला तेथून मोजावें. तुकड्यातुकड्यांनीं सगळें बदललें असेल, तर त्यांतल्या पहिल्या तुकड्याच्या तारखेपासून. आपल्या कोंकणांत मृगापूर्वीं घर शाकारतात, फुटकीं कौलें काढून तेवढींच नवीं बसवितात. कांहीं कौलें आजोबांच्या वेळचीं, कांहीं गतवर्षींचीं. अशा छपराला हें गणित लावलें, तर उत्तम राखलेलें घरच सर्वांत म्हातारें ठरावयाचें.

जुन्या छपराच्या मालकाला फ्लोरिडांत आज करतां येण्यासारखें तें असें: शेवटचें छप्पर घातल्याचा बांधकाम-परवाना व बिलें शोधून ठेवावीं, कंपन्या विमानांतून काढलेलीं छायाचित्रें पाहून मत बनवितात, तेव्हां त्यावरील डाग-सावल्यांना उत्तर म्हणून स्वतःचीं जवळून घेतलेलीं छायाचित्रें असावीं, छप्पर भिंतींशीं पट्ट्यांनीं जखडलेलें असेल तर तें तपासवून हप्त्यांत सूट मागावी, आणि शिडी लावून प्रत्यक्ष वर चढणारा पाहणीदार बोलवावा. बेडफर्ड करी तेंच काम हा मनुष्य करतो. फक्त पाव-निम्में असें न लिहितां उरलेलीं वर्षें लिहितो. एवढ्यानेंहि न भागलें, तर सिटिझन्सचें दार आहे. २०२२ त तिच्याकडील विम्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती; छपरासंबंधीं तिच्याहि स्वतःच्या अटी आहेत. पाहणीदाराचा दाखला अनुकूल आला, तरी कायदा थांबवितो तो केवळ वयासाठीं दिलेला नकार. दुसऱ्या कारणासाठीं नाहीं म्हणण्यास कंपनी मोकळी असते, आणि भरपाई घसारा धरून द्यावयाची कीं नाहीं हें विमापत्रांतील शर्तींवर राहतें.