नकाशाच्या कोपऱ्यातलं नाव

मराठीत 'नकाशा' आणि 'नक्षी' ही सख्खी भावंडं. दोन्ही शब्द अरबी 'नक्श'पासून फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आले. 'नक्श' म्हणजे चितारणं, कोरणं. ताम्हनाच्या काठावर उमटते ती नक्षी, मुलखाचं रूप कोरलं जातं तो नकाशा. आता नकाशा मोबाइलच्या काचेवर बोटानं सरकतो, त्यामुळे त्यातलं कोरणं आपण विसरून गेलो आहोत. ते पुन्हा पाहायचं तर योकोहामाचे पहिले छापील नकाशे पाहावेत. ते खरोखरच लाकडात कोरलेले आहेत.

योकोहामा म्हणजे 'आडवा किनारा'. खाडीच्या तोंडाशी आडवी पडलेली वाळूची पट्टी आणि तिच्यावर शंभरेक उंबऱ्यांचं गाव. मासे धरावेत, थोडी शेती करावी, एवढंच इथलं जगणं. 1858 च्या तहात जपाननं अमेरिकेला कानागावा बंदर कबूल केलं होतं. पण कानागावा एदो (आजचं तोक्यो) ते क्योतो या राजमार्गावर होतं. तिथे सरदारांच्या स्वाऱ्या आणि परदेशी व्यापारी समोरासमोर यावेत, हे शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, सरकारला नको होतं. म्हणून खाडीपलीकडच्या या गावात घाईघाईनं धक्के आणि जकातघर बांधलं गेलं आणि 1 जुलै 1859 रोजी बंदर खुलं झालं. पुढच्याच वर्षी मूळ गावकऱ्यांना टेकडीच्या पायथ्याशी हलवलं. आज तिथे मोतोमाची ही पेठ आहे. कालवा खणून वस्तीचं बेट केलं आणि पुलांवर चौक्या बसवल्या. चौकीच्या आतला भाग तो 'कान्नाई'. चौक्या गेल्या, पण आजही तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव कान्नाईच आहे.

एदोहून हे नवं गाव तीसेक किलोमीटरवर. लांब नाकांची माणसं, काळ्या आगबोटी, दुमजली कोठ्या पाहायला लोक चालत येऊ लागले. आलेल्याला वाट दाखवायला आणि परतताना घरी न्यायला नकाशा हवा होता.

ही मागणी किती नवी होती, हे थोडं मागे गेल्यावर कळतं. इनो तादाताका यांनी देश पायी मोजून तयार केलेले नकाशे सरकारी गुपित होते. शोगुनचे खगोलाधिकारी ताकाहाशी कागेयासू यांनी त्यांच्या नकला नागासाकीच्या डच वखारीतल्या झीबोल्ट या डॉक्टरांना दिल्या. 1828 मध्ये हे उघडकीला आलं. ताकाहाशी कैदेतच वारले, झीबोल्ट हद्दपार झाले. त्यानंतर तीस-एक वर्षांत परदेशी जहाजांनी भरलेल्या बंदराचा नकाशा दुकानात उघड विकला जाऊ लागला.

दुकानदारांसमोर नमुना होताच. नागासाकीत बुन्किंदोसारखे प्रकाशक आपल्या शहराचे नकाशे कधीपासून छापत होते. 1802 चा त्यांचा नागासाकीचा नकाशा आजही संग्राहकांच्या माहितीचा आहे. योकोहामाच्या नकाशाचं कूळ असं नागासाकीकडे जातं.

योकोहामाला चित्रकार मिळाला तो उतागावा सादाहिदे. जन्म 1807 चा, एदोतल्या नामांकित कुनिसादांचा शिष्य. नकाशांवर तो 'ग्योकुरान्साइ' या नावानं सही करी. पक्ष्यानं वरून पाहावं तसं गाव मांडण्यात त्याचा हातखंडा. 'गोकाइको योकोहामा ओएझू', म्हणजे योकोहामा बंदराचा मोठा चित्रनकाशा, त्यानं बंदर उघडल्याबरोबर काढला आणि होझेन्दो या प्रकाशनगृहानं तो छापला. नावातला 'गो' हा आदराचा उपसर्ग. बंदर सरकारनं उघडलं, म्हणून 'उघडणं' या शब्दालाही मान दिलेला.

अनेक कागद जोडून केलेला हा नकाशा पसरला की आधी समुद्र दिसतो. त्यात निशाणं लावलेली जहाजं. मग धक्के, त्यांच्या मागे जकातघर. जकातघराच्या एका अंगाला परदेश्यांच्या कोठ्या, दुसऱ्या अंगाला जपानी दुकानांच्या सरळ आळ्या. मागे दलदल आणि तिच्यात भर घालून वसवलेली मियोझाकी ही कलावंतिणींची वस्ती. अंतरं काटेकोर नाहीत, पण रस्ता चुकणार नाही.

आता हा नकाशा कसा बने ते जवळून पाहू. सादाहिदेचं रेखाटन पातळ कागदावर. तो कागद रानचेरीच्या फळीवर पालथा चिकटवायचा. कागदातून रेघा उलट्या दिसतात, त्या जशाच्या तशा ठेवून भोवतालचं लाकूड कोरणारा कारागीर काढून टाकी. गल्लीचं नाव, कोठीचा क्रमांक, सगळं उलटं आणि तांदळाच्या दाण्याएवढं. मग छापणारा फळीवर शाई आणि खळ फिरवी, कागद टाकी आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या 'बारेन' नावाच्या गोल चकतीनं पाठीमागून घासे. प्रत्येक रंगाला वेगळी फळी. रंग सरकू नये म्हणून फळीच्या कोपऱ्यात काटकोनी खाच आणि कडेला एक सरळ खूण असे. कागद त्या दोन खुणांना टेकवला की रंग बरोबर जागेवर बसे.

चित्रकाराचं नाव मोठं, पण फळ्या प्रकाशकाच्या मालकीच्या. फळ्या ज्याच्या, नकाशा त्याचा. गाव दर महिन्याला बदलत होतं. नवी कोठी, नवा पूल आला की अख्खी फळी फेकणं परवडत नसे. मग जुना भाग पोखरून तिथे लाकडाचा नवा तुकडा घट्ट बसवत आणि त्यावर नवं कोरत. सुतार दाराच्या फळीतल्या गाठीच्या जागी लाकडाचं ठिगळ बसवतो तसंच. या कृतीला जपानीत 'उमेकी' म्हणतात, म्हणजे पुरलेलं लाकूड. बदल फारच साठले की सगळ्याच फळ्या नव्यानं कोरायच्या. पुढच्या काही वर्षांत सादाहिदेचाच नकाशा पुन्हा निघाला, तेव्हा शीर्षकातच लिहिलं होतं: 'भर घालून पुन्हा कोरलेला'. प्रकाशक होता योकोहामातला सानोया तोमिगोरो आणि त्याच्या दुकानाचं नाव किन्कोदो. नकाशाचा धंदा आता त्या गावाचाच झाला होता.

या नकाशांत मुंबईच्या माणसालाही ओळखीच्या खुणा सापडतात. 1 नंबरची इंग्रज कोठी जार्डिन मॅथेसन कंपनीची. कॅन्टनच्या व्यापारात आपले जमशेटजी जीजीभॉय याच कंपनीच्या जार्डिन यांचे सहकारी. 1863 मध्ये योकोहामात शाखा उघडणारी पहिली परदेशी बँकही मुंबईचीच: सेंट्रल बँक ऑफ वेस्टर्न इंडिया. पुढे 1965 मध्ये मुंबई आणि योकोहामा भगिनी-शहरं झाली, पण ओळख त्याच्या शंभर वर्षं आधीची आहे.

नोव्हेंबर 1866 च्या आगीत मियोझाकी जळालं, परदेशी वस्तीचाही मोठा भाग गेला. हाती असलेले सगळे नकाशे एका दिवसात जुने झाले. 1868 मध्ये मोरोओकाया इहेइ या दुसऱ्या स्थानिक प्रकाशकानं आगीनंतरच्या शहराचा तपशीलवार नकाशा काढला. जळालेल्या मियोझाकीच्या जागी 1876 मध्ये बाग झाली, ती आजची योकोहामा पार्क.

तोवर लाकडाच्या जोडीला तांबं आलं होतं. तांब्यावर आम्लानं रेघा कोरण्याची विद्या शिबा कोकान यांनी 1783 मध्येच जपानात साधली होती. आपल्याकडेही नाना फडणविसांनी गीतेसाठी तांबटाकडून तांब्याचे पत्रे कोरून घ्यायला सुरुवात केली होती. ते काम 1805 मध्ये मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयानं तडीस गेलं. तांब्यावर रेघ बारीक येते, म्हणून शोगुनशाही संपल्यावरच्या मेइजी काळातल्या योकोहामाच्या काही नकाशांच्या नावातच 'ताम्रपट' हा शब्द अभिमानानं येतो.

1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानं हे जुनं शहर जमीनदोस्त केलं. त्या ढिगाऱ्याच्या भरावावर यामाशिता पार्क उभी आहे. शहर गेलं, पण त्याच्या गल्ल्या, कोठ्या आणि पूल कागदावर राहिले. ज्या दुकानदारांनी फळी पोखरून पुन्हा पुन्हा दुरुस्त केली, त्यांच्यामुळे राहिले. पहिला नकाशा काढणाऱ्याचं कौतुक होतंच, पण तो खरा ठेवण्याचं काम प्रकाशकानं केलं, आणि माझ्या मते त्याचा मान चित्रकाराइतकाच आहे.

योकोहामाला गेलात तर पूर्वीच्या ब्रिटिश वाणिज्य दूतावासाच्या इमारतीतलं कागदपत्रांचं संग्रहालय, 'काइको शिर्योकान', जरूर पाहा. आणि तुमच्याच घरच्या फडताळात एखादा जुना छापील नकाशा असेल, तर चौकटीत बसवताना त्याच्या कडा कापू देऊ नका. खालच्या कोपऱ्यात कुणी छापला, कुठे छापला, कितव्यांदा छापला हे लिहिलेलं असतं. आधी ते वाचा आणि वहीत उतरवून ठेवा.